बिनआवाजी खिसे

२ नोव्हेंबर

चि. सौ. चिमणीस,
अ. उ. आ.

तुझ्या शिलाई मशीनला सवड असेल तर एक काम आहे. घड्याळदुरुस्तीचं दुकान मुलाच्या हवाली केल्यापासून मी रोज सकाळी कॅमेरा घेऊन तळ्यावर जातो, हे तुला ठाऊकच आहे. तुझी वहिनी म्हणते, उभ्या जन्मात मला जेवढं पाहिलं नाहीत तेवढं त्या खंड्याकडे पाहता.

मी पाठीवरची बॅग उतरवून तिची चेन उघडेपर्यंत खंड्या मासा गिळून मोकळा होतो. म्हणून मला भरपूर खिशांचं, बिनबाह्यांचं जाकीट शिवून दे. आत छातीशी एक खिसा हवाच, कारण थंडीत बॅटरी लवकर उतरते आणि जादाची बॅटरी अंगाच्या उबेत ठेवावी लागते. रंग मातकट घे. तू दिलेला पिवळा स्वेटर उबदार आहे, पण तो घालून गेलो की तळ्यावर मी एकटाच उरतो.

लोभ आहेच, तो वाढावा आणि जाकीटही लवकर यावं.

दादा

१९ नोव्हेंबर

ति. दादास,
शि. सा. न. वि. वि.

जाकीट सोबत पाठवते आहे. एका माणसाच्या अंगावर इतके खिसे मी आजवर शिवले नव्हते. काय कुठे ठेवलंस ते शोधता शोधता तुझी सकाळ जाईल. झाकणांना वेल्क्रोच्या पट्ट्या लावल्यात, एका हाताने उघडतील. पिवळ्या स्वेटरचं वाचून इतका राग आला की तुझ्याशी फोनवर बोलायचंच नाही असं ठरवलं. मग आठवलं, फोनवर तू बोलतोस कुठे? वहिनीच शेजारून तुझी उत्तरं देते.

आता एक गंमत. ह्यांचा जुना कॅमेरा मी ताब्यात घेतलाय. फेब्रुवारीत तुझ्याकडे येईन तेव्हा मलाही तळ्यावर ने. काय घालून यायचं ते आधीच कळव. चिमणीने काढलेला चिमणीचा फोटो सोबत आहे. सगळा पुसट का आला, ते न हसता सांग.

लोभ आहे तसा असू दे, स्वेटरवरही थोडा असू दे.

तुझी चिमणी

४ डिसेंबर

चि. सौ. चिमणीस,
अ. उ. आ.

माप न घेता शिवलंस तरी जाकीट नेमकं बसलं. पण पहिल्याच दिवशी फजिती झाली. खंड्या समोरच्या फांदीवर बसला, मी खिशाची पट्टी ओढली आणि ती चर्रर्र करून अशी ओरडली की खंड्याच काय, पलीकडच्या काठावरचे बगळेसुद्धा उडाले. माझ्यासारखेच फोटो काढायला येणारे एक निवृत्त मास्तर शेजारी होते. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी अंगठे धरून उभा राहायचाच बाकी होतो. जाकीट परत पाठवतोय. पट्ट्या काढ आणि बटणं लाव. बटण कसं, बिचारं मुकं असतं.

आता तुझा फोटो. मी थोडासाच हसलो. एक नीट लक्षात ठेव. फांदी स्वच्छ आणि पक्षी तेवढा पुसट असेल, तर पक्षी हलला, दोष त्याचा. फांदीसकट सगळंच पुसट असेल, तर हात हलला, दोष आपला. तेव्हा त्या चिमणीवर उगाच आळ घेऊ नकोस. दोन्ही कोपरं बरगड्यांना टेकव, श्वास सोड, मग खटका दाब.

येताना एकच जाडजूड कोट नको, पातळ कपडे एकावर एक घाल. ऊन चढलं की काढता येतात. काठ ओला असतो, म्हणून घोट्यापर्यंतचे बूट आणि लोकरीच्या मोज्यांची जादा जोडी आण. हातमोजे बोटांची टोकं उघडी असलेले घे. सळसळणारं जाकीट घरीच ठेव. तुझी बडबडही घरी ठेवता आली तर उत्तम.

तू येणार या विचारानेच बरं वाटतंय. लोभाला बटणं लावू नकोस, तो उघडाच बरा.

दादा

२० डिसेंबर

ति. दादास,
शि. सा. न. वि. वि.

बटणं लावली. लाकडी आहेत, म्हणजे उन्हात चमकणार नाहीत. काजं घट्ट केलीत, खिसा आपोआप उघडायचा नाही. मी बूट घेतले आणि घरात घालून हिंडते. हे विचारतात, स्वयंपाकघरात पूर आलाय का? श्वास सोडून खटका दाबते, पण श्वास सोडेपर्यंत चिमणी राहत नाही. आता तिकीट काढते.

माझ्या फोटोंना हसलास तरी लोभात कमी करू नकोस.

तुझी चिमणी

१२ जानेवारी

चि. सौ. चिमणीस,
अ. उ. आ.

छापलेलं पत्र पाहून दचकू नकोस, संगणकावर टाईप करायला शिकलोय. बटणं सुरेख आहेत. पण विचार केला, वेल्क्रोच बरा. पक्ष्यांना आवाजाची सवय होते. जाकीट पाठवतोय, जमेल तेव्हा बदल. मनाला लावून घेऊ नकोस.

हल्ली धुकं फार, त्यामुळे तळ्यावर जाणं होत नाही. फेब्रुवारीत पाहण्यासारखं काही नसतं, तू पुढच्या वर्षी ये. खंड्याचा एक फोटो सोबत आहे. बरा आलाय.

लोभ असावा.

दादा

२२ जानेवारी

ति. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पक्ष्यांना वेल्क्रोची सवय होते, हे वाचलं तेव्हाच वाटलं की कुठेतरी पाणी मुरतंय. मग फोटो पाहिला. खंड्या पुसट आहे. फांदी पुसट आहे. मागे पाण्यात रोवलेली काठीसुद्धा पुसट आहे. दोष कोणाचा, ते तूच मला शिकवलंस.

दादा, तुला बटणं लावता येत नाहीत ना? माझ्याकडे वयस्कर गिऱ्हाइकं येतात, बटणं काढून वेल्क्रो लावा म्हणतात, फॅशन आहे म्हणतात. मी मुकाट्याने लावून देते. तुझ्या बाबतीत मुकाट्याने बसवत नाही. केसाएवढे स्क्रू बसवणारे तुझे हात. मला भीती वाटली, रडूही आलं. डॉक्टरांकडे जा आणि वहिनीला सांग. मूग गिळून बसू नकोस. आणि मी फेब्रुवारीत येणारच आहे, तळ्यावर काही असो वा नसो.

जाकिटाला पट्टीही नको आणि बटणही नको. पर्सला असतात तसे चुंबक शिवलेत. झाकण सोडलं की बसतं, बोटाने उचललं की उघडतं, आवाज नाही. घड्याळं बिघडतील म्हणून दुकानात जन्मभर चुंबक फिरकू दिला नाहीस, आता अंगावर वागव. सोबत कॅमेऱ्याखाली ठेवायची उशी आहे. आधी कापूस भरला होता, पण कॅमेरा लोळायला लागला, म्हणून सुके वाटाणे भरलेत. तळ्याच्या कठड्यावर उशी ठेव, तिच्यात कॅमेरा रुतव आणि हात मोकळा सोड.

या वेळी लोभाबरोबर खरं उत्तरही हवं.

तुझी चिमणी

९ फेब्रुवारी

चि. सौ. चिमणीस,
अ. उ. आ.

हे पत्र हाताने लिहितोय. अक्षर मुंग्या चालल्यासारखं आहे, पण माझं आहे. डॉक्टर म्हणाले, हाताला कंप आहे. गोळ्यांनी कमी होईल, अगदी जाणार नाही. जिवाला धोका नाही. कॅमेरा सोडा म्हणतील या धास्तीने मी जात नव्हतो. ते म्हणाले, जरूर काढा फोटो, फक्त टेकवून काढा.

तुझ्या वहिनीला सांगितलं. ती म्हणाली, शर्टाची बटणं इतके दिवस लावून देते आहे, मला काय दिसत नव्हतं? तुम्ही आपणहून सांगाल म्हणून थांबले होते. मला खूप लाज वाटली आणि खूप हलकं वाटलं.

चुंबकांमुळे मनगटी घड्याळ घरी काढून ठेवून तळ्यावर गेलो. वेळ न पाहता बसण्याची माझी ही पहिलीच खेप. खिसे मुके, उशी घट्ट. तू ये, कठड्यावर तुझीही जागा धरून ठेवलीय. पिवळा स्वेटर मात्र मी घालणार आहे, घरी परतल्यावर.

लोभ कसा असतो ते तुझ्या शिवणीत पाहिलं. तो असाच राहो.

तुझा दादा

ता. क. फोटो सोबत आहे. फांदी बघ, तिच्या टोकाला लोंबणारा पाण्याचा थेंबही बघ. खंड्या तेवढा पुसट आलाय. या वेळी दोष त्याचा आहे.