दुपट्यावरचं नाव

११ नोव्हेंबर, मंगळवार

आळिवाची खीर सिंकमध्ये गेली! वाटीभर, जशीच्या तशी. रुही म्हणाली, "आई, प्लीज, इट्स टू स्वीट." आठ दिवसांची बाळंतीण आहेस, काही जगावेगळं देत नाहीये मी तुला — असं अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. पाच महिने काढायचे आहेत अमेरिकेतल्या या घरात.

बेसमेंटमध्ये व्याही उतरलेत. न्यूअर्कला एकटे राहतात, नातीसाठी आलेत. सिंकमधली खीर त्यांनी पाहिली. भांड्याच्या तळाशी उरलेली दोन चमचे उभ्या-उभ्याच खाल्ली आणि भांडं धुऊन ठेवलं. मला म्हणाले, "थँक यू, मामा रुही."

त्यांच्या आफ्रिकेतल्या इग्बो लोकांत बाईला तिच्या लेकराच्या नावाने हाक मारतात म्हणे. बाळंतपणाला मुलीची आईच येते, हीसुद्धा पद्धत त्यांच्यात आहे. त्याला नाव आहे — ओमुग्वो. दोनदा म्हणून पाहिलं. एडिसनमध्ये आल्यापासून हे पहिलंच काहीतरी मिरजेसारखं!

१३ नोव्हेंबर, गुरुवार

दिवसभरात माझ्याशी कोणी काय बोललं: "आई, डायपर कुठेयत?" "आई, नंतर बोलू, कॉल आहे." संपलं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

व्याह्यांनी मिरीचं झणझणीत सूप केलं. बाळंतिणीला हेच देतात म्हणे. आणि ते रुहीने मुकाट्याने प्यायलं! माझी खीर गोड लागते. असो.

दुपारी बाळ त्यांच्या मांडीवर होतं. ते तिच्याशी हळू आवाजात त्यांच्या भाषेत बोलत होते. मी दुबेमला विचारलं, काय म्हणतायत रे बाबा? जावई माझा ओशाळला. म्हणाला, "नो आयडिया, आई. डॅडनी मला इग्बो कधी शिकवलीच नाही. लढाईनंतर ज्याने त्याने गप्प राहून इंग्लिश बोलायचं, असंच झालं होतं त्यांचं." म्हणजे बाप लेकाशी परक्या भाषेत बोलला आणि नातीशी आपल्या! मी मात्र कोणाला हसते आहे? माझी रुही मराठीत भांडतेसुद्धा नाही आता.

बाळ झोपल्यावर त्यांनी पाकिटातून एक फोटो काढून दाखवला. आई, एक किडकिडीत मुलगा आणि चारेक वर्षांची मुलगी, एका हाताने फ्रॉक वर धरलेली. "माय सिस्टर. ओबियागेली." म्हणजे काय, मी विचारलं. म्हणाले, जी सुखाने खायला-प्यायला जन्माला आली ती. मग म्हणाले, "द वॉर." आणि फोटो आत ठेवला.

माझं इंग्रजी तोडकं. पण तेवढं कळायला इंग्रजी कशाला हवं?

१६ नोव्हेंबर, रविवार

सुचलं! बारसं येत्या शनिवारी आहे आणि यांचं नाव अजून ठरत नाही. लिस्ट करतात, खोडतात, पुन्हा करतात. माझ्या नणंदेला तिच्या गेलेल्या आत्याचं नाव ठेवलं होतं, तेव्हा सासरे ढसाढसा रडले होते म्हणे. आनंदाने. बाळाच्या दुपट्यावर मी इंग्रजी अक्षरांत 'ओबियागेली' भरणार आहे. सव्वीस वर्षं मुलींना शिवण-भरतकाम शिकवलंय, एवढं नाव काय जड आहे! हाक मारायला ओबी. रुहीला आधी सांगत नाही. सांगितलं की ती फोनवर सर्च करत बसेल आणि "लेट अस सी" म्हणेल.

खरं सांगू? मला कोणालातरी खूश करायचंय. हे गेल्यापासून तीन वर्षांत माझ्यामुळे कोणी खूश झाल्याचं आठवत नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

देवा, काय करून बसले मी!

सकाळी दुपटं पूर्ण झालं. साखळी टाका, पिवळं रेशीम, कडेला पानं. सगळे टेबलाशी असताना मी ते व्याह्यांच्या मांडीवर ठेवलं. मोठ्या ऐटीत! त्यांनी नावावरून बोट फिरवलं, एकेका अक्षरावरून. चेहरा दगड. मग दुपट्याच्या चार घड्या घालून ते माझ्या हातात दिलं आणि जिना उतरून खाली गेले. चहा तसाच राहिला. चहा टाकून उठणारा माणूस नव्हे तो.

दुबेम पांढराफटक. मग त्याने सांगितलं ते असं. त्याची ही आत्या मेलेली नाही. निदान घरात कोणी ती मेली म्हणत नाही. त्या लढाईत त्यांच्या मुलखाला, बियाफ्राला, चहूबाजूंनी कोंडलं होतं, अन्नाचा दाणा नाही. चर्चचे लोक उपाशी मुलांना विमानाने गॅबन देशात नेत होते. दुबेमची आजी तापाने आडवी. तेव्हा दहा वर्षांच्या डॅडनी धाकट्या बहिणीला पाठीवर घेतलं, तीन दिवस चालत विमानापर्यंत नेलं आणि आत बसवून आले. लढाई संपली. मुलं परत आली. ती आली नाही. कागद हरवले, नावं बदलली, कोण कुठे गेलं पत्ता नाही.

आजी दर नाताळला तिच्यासाठी फ्रॉक शिवून घ्यायची. दर वर्षी वाढत्या मापाचा. मरेपर्यंत. लढाईनंतर जन्मलेली फिलो आँटी — डॅडची बहीण, ह्यूस्टनला असते — अजून गॅबनला जाऊन ओबियागेलीच्या वयाच्या बायकांना विचारत फिरते. दुबेम कॉलेजात असल्यापासून तिच्याबरोबर तीनदा गेलाय. "डॅड कधीच आले नाहीत," म्हणाला. "ही कान्ट बेअर इट."

आणि त्यांच्यात गेलेलं माणूसच घरात पुन्हा जन्म घेतं. तिचं नाव या बाळाला दिलं की सगळ्यांनी मान्य केलं, ती गेली.

"आई, आधी विचारायचंस ना! यू जस्ट कान्ट डू दॅट!" रुही ओरडली. बाळ दचकून रडायला लागलं. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि मीही रडले.

फोटो दाखवला होता त्यांनी मला. विश्वासाने. आणि मी त्यांच्या जिवंत बहिणीला रेशमाने मारून टाकलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

व्याही न्यूअर्कला परत गेले. माझा निरोप घेतला नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सगळं नाव उसवलं. भरायला दोन दिवस लागले, उसवायला पाऊण तास! कापडावर भोकं राहिली ती नखाने घासून घासून बुजवली.

उसवताना मनात आलं, वाढत्या मापाचा फ्रॉक शिवायचा म्हणजे त्या माउलीला दर वर्षी अंदाज करावा लागत असणार. खांदा किती, उंची किती. आता छाती भरली असेल. आता कंबर. मी आयुष्यभर मापं घेतली, पण समोर उभ्या असलेल्या मुलींची. न दिसणाऱ्या मुलीचं माप कसं घ्यायचं, ते मला कोणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

दुबेमकडून त्यांना मेसेज लिहून घेतला. आय अ‍ॅम व्हेरी सॉरी. उत्तर नाही.

रुही माझ्याशी बोलते, पण आवाज मापून. हॉटेलातल्या माणसाशी बोलतात तसं. परतीचं तिकीट बदलून मिळतं का, ते दुबेमला विचारावं म्हणते. पण मला विमानतळावर नेऊन सोडायलाही पुन्हा हीच दोघं लागणार.

२२ नोव्हेंबर, शनिवार

बारसं झालं. नाव आन्या. आमच्याकडे चालतं, त्यांच्या भाषेत डोळा. कोणाचं काही बिघडत नाही.

फिलो आँटी आल्या होत्या. मला घट्ट मिठी मारली, म्हणाल्या, "शी इज कमिंग, आय नो इट." त्यांच्या पर्समध्ये त्या फोटोची मोठी केलेली कॉपी असते. दुबेमला बहीण नाही, तर कुर्र करायला त्यांनाच पुढे केलं. हौसेने केलं त्यांनी, मोठमोठ्याने!

व्याही आले. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले. मी दोनदा समोरून गेले, त्यांनी मान खाली घातली. जेवायच्या आधी निघून गेले. इतक्या लोकांत मी एवढी एकटी कधीच नव्हते. ह्यांना नेलं त्या दिवशीसुद्धा नव्हते.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

काल थँक्सगिव्हिंग. व्याही आले नाहीत. दुबेमने बापासाठी डबा भरला आणि नेऊन दिला. परत आल्यावर म्हणाला, "ही आस्क्ड, हाऊ इज मामा रुही." एवढंच.

एवढंच, पण मी तीनदा विचारलं, अजून काय म्हणाले?

२ डिसेंबर, मंगळवार

रुही आणि दुबेम बाळाला घेऊन डॉक्टरकडे गेले होते. बेल वाजली. दारात व्याही. ट्रेनने आले होते. मी घाईघाईने सॉरी म्हणायला लागले, त्यांनी हात वर केला. कोट न काढता बसले. सावकाश बोलले, मला समजावं म्हणून एकेक वाक्य.

म्हणाले, माफी मागू नका, तुम्ही बरोबर होतात. दुपट्यावर नाव वाचलं तेव्हा वाटलं, कोणीतरी एकदाची तिला माती दिली. हे फिलोला माहीत नाही, दुबेमला माहीत नाही. तुम्हीही सांगू नका.

मग म्हणाले, विमानाकडे निघाल्याच्या दुसऱ्या दिवशीच ती माझ्या पाठीवर गेली. मला चालता चालता कळलंच नाही, वाटलं झोपली. शेताच्या कडेला हातांनी खड्डा केला. मग घरी परत चालत आलो. आई तापातून उठून दारात येऊन उभी होती. तिने विचारलं, बसवलीस विमानात?

मी हो म्हणालो.