शेवटची समई

प्रिय भामे,

फोन बंद करून बहिणीकडे नांदेडला जाऊन बसलीस, म्हणून हे पत्र. इथं असतीस तर समोर बसवून चांगली भांडले असते. तुझा विक्रम भेटला होता. म्हणाला, आई परेशान आहे, पोलिसांना माफीचा कागद लिहून देणार आहे. त्यावरच लिहायचंय, पण आधी मनातली मळमळ काढू दे.

मी तुझ्यावर जळते. हौ, जळते! मागच्या महिन्यात नामपल्लीहून ऑटो केली, तर ऑटोवाला गुणगुणतोय, ‘रस्ता केला रुंद साहेब, दिल केला तंग, टोपली घेऊन बसू कुठं, बोला कुणासंग?’ विचारलं, कुणाचं रे हे? तर म्हणतो, गौलीगुडे की एक अम्मा है, क्या लिखते उनो! ‘उनो’ म्हणे, एवढ्या आदरानं! मीही गौलीगुड्यातच जन्म काढला, पण माझी कविता माझ्या घरातसुद्धा कुणी गुणगुणली नाही. आणि ‘दिल केला तंग’ हे मराठी का गं? मी असते तर ती ओळ खोडलीच असती. उतरताना त्यानं ती मला पुन्हा ऐकवली.

आपण कविमंडळात आलो तेव्हाचं आठव. कुणी पुढारी यायचा झाला की स्वागताची कविता माझ्याकडे. शाल, नारळ, पेपरात कोपऱ्यातला फोटो. मी वाचत असताना तो शेजारच्याशी बोलायचा आणि शेवटी टाळ्या वाजवायचा. मला वाटायचं, कवीचा मान म्हणतात तो हाच. आता त्यांना आपली तेवढीही गरज नाही. निवडणुकीची गाणी पाडायला पोरं पगारावर ठेवलीत. आणि तू? रस्ता रुंद करायला साहेबांनी उठवलेल्या भाजीवाल्या बायकांमध्ये फुटपाथवर मांडी घातलीस, पालथ्या टोपलीवर ठेका धरलास, चार ओळी म्हटल्यास, आणि त्या पुढारी साहेबांच्या माणसांनी थेट बदनामीची तक्रार दिली. बाई गं, मी एवढ्या कविता केल्या, पण एकाही हवालदाराची झोप मोडली नाही! तुला पोलिसांचं बोलावणं आल्याचं कळलं, तेव्हा तुझी काळजी नंतर वाटली. आधी वाटलं, हा मान हिला, मला का नाही? लाज वाटते सांगायला, पण वाटलं खरं.

मंडळाचं तुझ्या कानावर आलंच असेल. वसंत संमेलनाला पाहुणे म्हणून तेच साहेब यायचे होते. आपल्या अध्यक्षांनी, भगवंतरावांनी, घाईघाईनं ठराव केला की भामाबाईंचं नाव मंडळातून कमी करावं. एकेकानं मुकाट सह्या केल्या. माझी तर त्यांनी गृहीतच धरली होती. म्हणाले, तारामतीबाई, तुमचं नि त्यांचं कुठं पटतं? खोटं काय होतं त्यात? मी म्हटलं, संमेलन होऊ द्या, मग करते सही.

गेल्या रविवारी सुलतान बाजारच्या हॉलमध्ये संमेलन झालं. मुशायऱ्यावरून घेतलेली आपली रीत पाळली: समई ज्याच्यापुढे त्यानं वाचायचं, नवखे आधी, सगळ्यांत थोर शेवटी. नेहमीप्रमाणे शेवटची समई माझ्यापुढे आली. साहेब पहिल्या रांगेत, फोनात डोकं घालून. हातात स्वागताची कविता होती. तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, ‘रस्ता केला रुंद साहेब...’ अख्खी म्हटली, कागद न बघता. पाठ कशी झाली म्हणतेस? अगं, चुका काढायला म्हणून फोनवर रोज लावून ऐकत होते!

साहेबांनी फोन खाली ठेवला. भामे, आयुष्यात पहिल्यांदा एक पुढारी माझ्याकडे बघत होता. मागून चहावाला ओरडला, फिरसे बोलो अम्मा! बायकांनी खुर्चीच्या पाठीवर ठेका धरला. भगवंतराव समई विझवायला धावले आणि बोटं पोळून घेऊन बसले. शेवटी मी तुझं नाव मोठ्यानं घेतलं. तेवढी काही मी नीच नाही. टाळ्या थांबेनात. त्या तुझ्या कवितेला होत्या हे कळत होतं, आणि तेव्हाही पोटात दुखलंच. ठरावावर माझी सही नाही, आता होणारही नाही.

काल मलाही पोलिसांचं बोलावणं आलं. तुझ्याबरोबरच, येत्या सोमवारी सकाळी. माझी सून रडायला लागली, आणि मी मात्र कपाटातून इरकल काढून इस्त्रीला दिली. तर ऐक. माफी नक्को लिहूस. तू माफी मागितलीस तर मी कुणाची कविता म्हटली गं? रविवारीच निघून ये, माझ्याकडे उतर. फक्त ठाण्याच्या दारात आधी कुणी आत जायचं यावरून वाद घालू नकोस. आपली रीत ठरलेली आहे, नवख्यानं आधी. तेव्हा आधी मी जाईन. तू माझ्यानंतर ये.

तुझीच, अजून जळणारी,
तारामती