तुम्ही पंगतीत बसलात तो दिवस

अण्णा, तुमचा आजार मला झालाय. अल्सरेटिव्ह कोलायटिस, मोठ्या आतड्याला आतून जखमा होतात तो. तुमच्या वेळी घरात हे नाव कुणी घेत नव्हतं, 'पोटाचं' एवढंच म्हणायचे. तुम्ही गेलात तेव्हा मी सातवीत होतो. छातीत कळ आली आणि संपलं, पोटानं काही तुम्हाला नेलं नाही, म्हणून ते मी विसरूनही गेलो होतो. दुसऱ्या वर्षाला मी कॉलेज सोडलं तेव्हा गावात सांगितलं की सरांशी भांडण झालं. झालं होतं, खोटं नाही. पण ते मला तासातून पुन्हा बाहेर सोडेनात म्हणून झालं, आणि संडासातून रक्त जातं हे वर्गासमोर कसं सांगायचं? बेंच लाथाडून निघालो. दारापर्यंत ऐट होती, पुढं पळत सुटलो.

तुम्ही लग्नकार्यात कायम वरणाची बादली घेऊन वाढायला असायचात. आपल्याकडं पंगतीतून मधेच उठणं म्हणजे यजमानाच्या तोंडात मारल्यासारखं. वाढपी गायब झाला तर कोण विचारतंय? हे मला आता कळतंय. मग तुमचं ऑपरेशन झालं, मोठं आतडं काढलं, पोटाला शौचाची पिशवी आली. त्यानंतर नांदूरघाटच्या एका लग्नात तुम्ही पहिल्या पंगतीला मांडी घालून बसलेले मला दिसता. सैल सदरा. थोरले चुलते टोमणा मारतात, "काय बे, आता मानाचं पान पाहिजे व्हय तुला?" तुम्ही पुन्हा भात मागून घेता. शेजारचे उठले तरी तुम्ही बसलेलेच. मला तेव्हा तुमची लाज वाटली होती. खादाड दिसत होतात म्हणून.

आता मी काय केलं ते ऐका. कॉलेजातली एक मुलगी आहे, चौसाळ्याची. तिच्यापायी मी लई खुळा झालोय आणि तिला तसं सांगितलंही आहे. आजाराचं तेवढं नाही. गोळ्यांनी तोंड सुजलं तर ती म्हणाली, "गाल आलेत की, घरचं तूप मानवलंय." मीही हसलो. तिच्या ताईच्या लग्नाला गेलो आणि मांडवात शिरल्याशिरल्या बादली उचलली. तिनं तिच्या भावाशेजारी माझं ताट मांडलं, सगळ्यांदेखत बादलीची कडी धरली. "बस की रं आता, किती वाढशील? बाबा बघायलेत तुला." नेमकी तेव्हाच पोटात कळ आली. मी बादली हिसकली, वरण तिच्या नव्या साडीवर सांडलं. "मी काय जेवायला मेलोय का इथं?" असं ओरडून निघून गेलो. तिचे वडील तोंडाजवळचा घास तसाच धरून बघत राहिले.

परवा आईला घेऊन संभाजीनगरला डॉक्टरांकडं गेलो. औषधं पुरेनाशी झालीत, आतडं वर्षानुवर्षं असंच धुमसत ठेवलं तर कॅन्सरचा धोका वाढतो, काढलेलं बरं, असं ते म्हणाले. आधी पिशवी, पुढं जमलं तर लहान आतड्याचीच आतल्या आत थैली करून जोडता येईल, तरी दिवसातून बऱ्याचदा संडासला जावं लागेल. विचारायचं ते आईनं विचारलं, खणखणीत: "साहेब, लग्नाचं कसं? बायको नांदंल का?" मला जमिनीत जावंसं वाटलं. डॉक्टर म्हणाले, लग्न होतं, लेकरंही होतात. एसटीत मी आईवर खेकसलो. ती म्हणाली, "कावून लाजतो रं? आधी तुजा बाप संडासातच नांदत हुता. आपरेशन झालं तवा कुठं घरात आला." आणि खिडकीकडं तोंड करून हसली. तुमच्याविषयी बोलताना ती अशी हसते हे मी पहिल्यांदा बघितलं.

घरी आल्यावर मी त्या मुलीला फोन केला. संडासाचं, रक्ताचं, पिशवीचं, सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तुला तिकडं लागली होती, आन् मी तुला बळंच जेवायला बसवत होते?" आणि फस्सकन हसली. मी चिडलो, फोन कापला. तेव्हापासून ती फोन करतीय आणि मी उचलत नाही. आत्ताही वाजतोय, आणि मी तुम्हाला लिहीत बसलोय, कारण तुम्ही उलटून काही विचारणार नाही. ती नाही म्हणेल याची भीती नाही, अण्णा. नाही म्हणाली तर चिडायचं, ते मला येतं. ती चालेल म्हणाली तर काय करायचं, ते मला येत नाही.