खापरांच्या ढिगावरचा वाडगा

शिगाराकी, ३ सप्टेंबर १९९४

तीर्थस्वरूप मित्सुए आत्यास,
साएकोचा सा. न.

तुझं पत्र पोचलं आणि सोबत माझं मागचं पत्रही, लाल शाईने दुरुस्त केलेलं. मी चव्वेचाळीस वर्षांची आहे आणि तुला शाळेतून निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, या दोन्ही गोष्टी तुझ्या लक्षात नाहीत असं दिसतं. आंबवलेल्या माशांचं मडकंही मिळालं. झाकण उघडल्यापासून मांजर घरात फिरकलेलं नाही. मी मात्र दोनदा भात वाढून घेतला.

आता कामाचं. येत्या वीस नोव्हेंबरला बाबांना जाऊन वर्ष होईल. त्यांनी शेवटच्या महिन्यात चाकावर घडवलेले एकतीस चहाचे वाडगे अजून फळीवर कच्चेच आहेत. वर्षभर मी त्यांच्यावरची धूळ फुंकरीने उडवते आहे. फडकं लावायचा धीर होत नाही. ऑक्टोबरात भट्टी लावावी म्हणते.

ओसाकाचे तोकिवा, जे वीस वर्षं बाबांची भांडी विकत आले, ते येऊन गेले. एकतीसच्या एकतीस वाडगे ते घेणार, प्रत्येकाला लाकडी पेटी करणार आणि झाकणावर बाबांचं नाव मी लिहायचं. झाकणावर लिहायचं म्हणजे काय, हे तुला सांगायला नको. हा वाडगा गेन्झो कुरामोचीने स्वतः घराबाहेर जाऊ दिला असता, अशी घराने दिलेली ती ग्वाही असते. पण बाबा कधी सगळे वाडगे जाऊ देत होते? भट्टी उघडली की पायरीवर बसायचे, एकेक वाडगा ओंजळीत धरून डोळे मिटायचे, आणि मग एक तर फळी नाही तर हातोडी. फळी कधी भरली नाही, घरामागचा खापरांचा ढीग मात्र वाढत गेला. माझे वाडगेसुद्धा मी तिशीची होईपर्यंत त्यांनीच फोडले. पुढे हातोडी माझ्या हातात दिली आणि आपले आपण फोड म्हणाले. त्यांच्या वाडग्याला मात्र मी कधी हातोडी लावलेली नाही, आणि आता ते काम करायला दुसरं कोणी उरलेलं नाही.

वर्षश्राद्धाच्या दिवशी पुढच्या खोलीत त्यांची भांडी मांडायची आहेत. तुझ्याकडची पाठवशील का?

तुझ्या रागासकट तुझी माया हवी असलेली,
साएको


ओत्सु, ९ सप्टेंबर

चि. साएकोस,
अ. आ.

लाल शाई संपलेली नाही, म्हणून सांभाळून लिहीत जा. मांजराला अक्कल नाही.

वाडगे भाज. त्यात विचारण्यासारखं काय आहे? कच्ची माती म्हणजे काही दादा नव्हे. पावसाचं पाणी लागलं तर चिखल होईल आणि मग बस फुंकरी घालत.

माझ्याकडची भांडी मागतेस, तर ऐक काय काय आहे ते. एक वाडगा, डावीकडे कललेला. त्यात मी मुळ्याचं लोणचं ठेवते. एक सुरई, मानेला भेग; तिच्यात चॉपस्टिक. एक बशी, भट्टीत दुसरीला चिकटून ओरबाडलेली, ती साबणाखाली. वापरता वापरता फुटून उरलेले असे एकंदर तेवीस नग. यांतला एकही दादाने मला दिलेला नाही. सगळे मी तुमच्या मागच्या ढिगावरून उचलले. वसंतात आणि शरदात भट्टीनंतर मी येत असे ना, तेव्हा. ढिगावर एखाददुसरं भांडं हातोडीतून सुटलेलं असायचंच. तुझ्या बापाने आयुष्यात कुठलंही काम तडीला नेलं नाही, त्यातलाच हाही प्रकार. मी ते गाठोड्यात बांधायची आणि गाडीत बसेपर्यंत छाती धडधडायची. मुख्याध्यापिका बाई आणि चोरी! आता तो नाही, म्हणून कबूल करते.

चाळीस वर्षांत पेटीत घालून, झाकणावर नाव लिहून त्याने मला काही दिलं नाही. ओसाकाच्या परक्या माणसांना दिलं. तक्रार म्हणून लिहीत नाही. नोंद असावी.

माझी भांडी पुढच्या खोलीत मांडायच्या लायकीची नाहीत. आणि जे फोडण्यासारखं निघेल ते फोड.

लोभ आहेच, अक्षर सुधारलंस तर वाढेल.
मित्सुए


शिगाराकी, २६ ऑक्टोबर

तीर्थस्वरूप आत्यास,
सा. न.

भट्टी झाली. चार दिवस पाइनची लाकडं घालत होते. शेजारचे दोघे पाळीपाळीने मदतीला होते. थंड व्हायला पाच दिवस लागले, आणि काल विटा काढल्या. दोन वाडगे आतच तडकले. एकोणतीस धड निघाले. काही असे उतरलेत की पाहून मी खालीच बसले. राखेची हिरवी झिलई एका बाजूने ओघळून बुडाशी थेंब होऊन थांबली आहे. काही मात्र मलाही दिसतं की फसले आहेत. एक जड, एक मुका. त्याच्या काठावर टिचकी मारली तर आवाजच येत नाही. बाबांचे हात शेवटी थरथरत होते, हे त्या भिंतींवर लिहिलंय.

तोकिवा आज सकाळी हजर. त्यांना सगळेच हवेत. मी हातोडीचा विषय काढला, तर त्यांनी कपाळाला हात लावला. गेलेल्या माणसाचं भांडं कोणी फोडतं का, हात थरथरले तेच तर लोकांना पाहायचंय, असं म्हणाले. चुकीचं बोलले असंही वाटत नाही. मी त्यांना दहा दिवसांनी या म्हटलं आणि कोठीला कुलूप घातलं. हातोडी तीनदा उचलली, तीनदा ठेवली. तिसऱ्यांदा त्या हातोडीनेच अक्रोड फोडून खाल्ले, निदान काहीतरी फुटलं म्हणून.

तू ये ना. तुला जमेल. तू माझी पत्रं फोडतेसच.

वाट पाहणारी,
साएको


ओत्सु, २९ ऑक्टोबर

चि. साएकोस,
अ. आ.

येणार नाही. गुडघ्याचं निमित्त सांगू शकते, पण खरं सांगते. मी आले तर एकही फोडू देणार नाही. मी ढिगावरून भांडी उचलत होते ती मला पारख होती म्हणून नव्हे. दादाने केलेलं धड भांडं तिथे पडलेलं मला बघवत नव्हतं. अशा बाईच्या हातात तू हातोडी द्यायला निघालीस, यावरून तुझी माणसांची पारख कळली.

व्यापाऱ्याला थरथर दाखवायची आहे. ठीक. पण दादाला ती दाखवायची होती का, हे तू सांग. शेवटच्या वर्षी पाहुणे आले की तो हात बाहीत घालून बसायचा. मी पाहिलंय, तूही पाहिलंयस.

रोज चार-पाच वाडगे काढ. प्रत्येकात चहा कर आणि पी. दुसऱ्यांदा ज्यातून प्यावासा वाटणार नाही, तो बाजूला ठेव. सहा दिवसांत तुला झोप लागणार नाही, पण निकाल लागेल.

आणि रडायचं असेल तर आधी रड. ओल्या डोळ्यांनी हातोडी चालवू नये, बोट जातं.

माया न मागता असतेच, हे कायमचं लक्षात ठेव.
मित्सुए


शिगाराकी, ५ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप आत्यास,
सा. न.

एकोणतीस वाडगे चहा प्याले. तुझ्या सांगण्याप्रमाणे झोप गेली आणि तुझ्या सांगण्याप्रमाणे निकाल लागला. नऊ फोडले. पहिल्याला अर्धा दिवस लागला, उरलेल्या आठांना एक किटली उकळेपर्यंतचा वेळ. बोट शाबूत आहे. तोकिवा अंगणात उभे होते आणि प्रत्येक आवाजाला डोळे मिटत होते. शेवटी एकोणीस पेट्या मोजून नेल्या आणि जाताना मला, बापापेक्षा वाईट आहेस, म्हणाले. वीस वर्षांत त्यांनी केलेली ही माझी पहिली स्तुती.

एकोणीस झाकणांवर मी नाव लिहिलं. अक्षर चांगलं आलंय. लाल शाई काढू नकोस.

तुझा हिशेब चुकत नाही, तेव्हा एक उरला हे तुझ्या लक्षात आलंच असेल. तो डावीकडे कललेला आहे. त्यातून मी चारदा चहा प्याले. पेटीत घालण्यासारखा नाही, फोडवत नाही. आणि तो हातात घेतल्यावर मला एक गोष्ट तुला सांगावीच लागते. मी सात वर्षांची असताना बाबांनी मला ती कोणाला न सांगण्याची शपथ घातली होती.

तू यायच्या आदल्या दिवशी दर वेळी ते दोन-तीन वाकडी भांडी बाजूला काढायचे. सगळ्यांत वाईट नव्हेत, त्यांना सगळ्यांत आवडलेली. मग त्यांतलं एखाददुसरं निवडायचे आणि मला ढिगावर ठेवून यायला सांगायचे, खाली पेंढा घालून. म्हणायचे, "नीट ठेव. मित्सुएचं लक्ष गेलं पाहिजे, आणि तिला वाटलं पाहिजे की माझं गेलं नाही."

एकदा मी विचारलं होतं, की आत्याला सरळ पेटीत घालून का देत नाही. तर म्हणाले, पेटीत दिलं तर ती कपाटात ठेवील आणि वर्षातून एकदा पुसेल. चोरलेलं रोज वापरील.

तुझ्या यादीत लोणचं वाचलं तेव्हापासून मी हे पोटात धरून बसले आहे.

वीस तारखेला दुपारी भटजी येतील. मी पुढच्या खोलीत कामात असेन. मागे ढिगाकडे माझं लक्ष नसेल.

तुझीच, शपथ मोडलेली,
साएको


ओत्सु, २२ नोव्हेंबर

चि. साएकोस,
अ. आ.

वर्षश्राद्ध नीट झालं. भटजी एक ओळ विसरले, ती मी त्यांना सांगितली. तू पेंढा फार घातलास. त्यावर आंधळ्याचंही लक्ष गेलं असतं. दादा बेताचाच घालायला सांगत असावा, म्हणून चाळीस वर्षं मला कळलं नाही.

मी वाकून वाडगा उचलला आणि सवयीने स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं. तू तिथे पाठ करून उभी होतीस आणि बराच वेळ किटली पुसत होतीस. पुढच्या खोलीत असेन म्हणून लिहिलं होतंस. दादाही दर वेळी तिथेच, असाच पाठमोरा उभा असायचा. मला वाटायचं, बहिणीला निरोप द्यायला बाहेरसुद्धा येत नाही.

छाती धडधडली, नेहमीसारखी.

आज सकाळी त्या वाडग्यात भात घेतला. डावीकडे सरकतो. जुन्या कललेल्या वाडग्यातलं लोणचं दुसरीकडे हलवलं आहे.

वसंतात भट्टी लावशील तेव्हा कळव. मी कळवून येईन, म्हणजे तुला आदल्या दिवशी वेळ मिळेल.

तुझी,
मित्सुए आत्या