न्यायला कुणी न आलेली सायकल

माय, सकाळपासून एका सायकलीसाठी जागा शोधत मी गावभर फिरतोय. पाय दुखायला लागले तेव्हा घरी येऊन तुला लिहायला बसलो, पण बसल्या जागी चैन नाही. दोन ओळी झाल्या की उठतो, भिंतीवरची लाल रेघ बघून येतो. रस्ता पुन्हा रुंद होतोय. नगरपालिकेच्या माणसांनी ओढलेल्या रेघेत आपली पुढची खोली जाते, आणि सायकल त्याच खोलीत आहे. पोरगा म्हणतो, भंगारात घाला. मी त्याच्या अंगावर केवढ्यानं ओरडलो!

त्याला तरी काय म्हणू? त्यानं तुझा सायकलस्टँड पाहिलेला नाही. बसस्टँडासमोर पत्र्याखाली सायकलींची रांग, हँडलला पत्र्याचा बिल्ला, त्याच्या जोडीचा बिल्ला मालकाच्या खिशात. दुष्काळात खेड्यापाड्यांतली माणसं सायकलीवर यायची, सायकल तुझ्याकडे लावायची आणि कामासाठी पुण्या-मुंबईची एसटी धरायची. "मावशे, आठ-पंधरा दिसांत येतो." तू म्हणायचीस, "ये बाबा, तुजी गाडी कुठं जात न्हाय." त्या पंधरा दिवसांचे महिने झाले. तेवढ्यात बाजाराचा रस्ता रुंद करायचं काम निघालं, नालीसाठी चर खणायला सुरुवात झाली आणि मुकादम तुझ्यापुढं येऊन उभा राहिला. "मावशी, जागा मोकळी करा. ऱ्हायलेल्या सायकलींचा लिलाव हाय."

"कुणाच्या मालाचा लिलाव करायलास रं?" तू कमरेवर हात ठेवून विचारलंस. "म्या जबान दिलीय."

त्या साली ऊसच नव्हता, म्हणून ढोकीच्या कारखान्यातलं माझं हंगामी काम लवकर संपलेलं. मी घरीच होतो. दोन-दोन सायकली हातात धरून आपण दोघांनी त्या घरी आणल्या. पुढच्या खोलीपासून थेट चुलीपर्यंत सायकली. भाकरी थापायला बसलीस की तुझा पदर पेडलात अडकायचा, आणि तू पेडलालाच शिव्या द्यायचीस. मी कूस बदलली की कुणाची तरी घंटी वाजायची. शेजारीण विचारायची, "दुकान टाकलं का काय?" तेव्हा लाजेनं मान वर होत नव्हती. आत्ता लिहिताना मात्र हसू येतंय.

पण माझं डोकं खरं फिरलं ते पुढं. स्टँड मोडला तरी रोज सकाळी भाकरी बांधून तू चराच्या काठाला जाऊन बसायला लागलीस. उन्हात, धुरळ्यात, दिवसभर. हाती छदाम नाही. एकदा मी भर रस्त्यात तुझ्यावर खेकसलो, "माय, स्टँड गेला की! कशाला बसतीस हितं? लोक हसायलेत."

तू शांतपणे वर बघितलंस. "स्टँड गेलाय. मान्सं यायचीत अजून. एसटीतनं उतरल्यावर त्यास्नी निस्ता चर दिसंल. गेली सायकल म्हनून तशीच माघारी जातील. कोन सांगंल त्यास्नी?" आणि मग म्हणालीस, "तुला लाज वाटत आसंल तर जा घरला."

मी गेलो. दुसऱ्या दिवशी तुझ्यासाठी छत्री आणली. ती तू एकदाही उघडली नाहीस. "तोंड झाकलं तर वळखतील कसं?" म्हणालीस. रागानं मी ती छत्री उचलून घरी नेली.

पाऊस झाल्यावर माणसं परतायला लागली. एसटीतनं उतरून चर बघितला की जागच्या जागी थबकायची, आणि पलीकडून तू हात करून ओरडायचीस, "हाय रं, हाय! घरी हाय!" एक जण आपल्या दारात सायकल बघून रडायलाच लागला. "रडतोस काय, हवा भर की," म्हणालीस आणि पंप त्याच्या हातात दिलास.

हळूहळू घर मोकळं झालं. एक तेवढी राहिली. काळी, कॅरिअरला सुतळी गुंडाळलेली, हँडलला तू बांधलेला बिल्ला. शेवटच्या दुखण्यातसुद्धा एसटीचा हॉर्न ऐकला की तू माझ्याकडे बघायचीस आणि मी मान हलवायचो. कुणी नाही, माय.

आज विहारात विचारलं, शाळेच्या शिपायाला विचारलं. जुन्या सायकलीला जागा कशाला, म्हणतात. खरंच आहे त्यांचं. सगळा गाव पुन्हा खणलाय, लोकांच्या मोटरसायकलींनाच जागा नाही. उद्या पुन्हा निघेन. हा कागद घडी करून त्या कॅरिअरच्या सुतळीत खोचून ठेवतो, तुला पाठवायचा तर कुठं पाठवू?

मघाशी पोरानं विचारलं, "अजून त्या माणसाची वाट बघताय का?" मी हो म्हणालो. खोटं बोललो, माय. बसस्टँडावर कुणी म्हातारा बिल्ला शोधल्यासारखा खिसा चाचपताना दिसला की मी तोंड फिरवून दुसऱ्या वाटेनं जातो. सायकलीचा मालक आला आणि ती घेऊन गेला, तर तुझा स्टँड बंद होईल.