वरच्या ओळीतल्या नळ्या

अण्णा, चर्चमधला तुमचा ऑर्गन मागच्या महिन्यात उतरवला. जुन्या इमारतीचं छप्पर आता भरवशाचं राहिलं नाही, म्हणून तो सर्जापूर रोडच्या नव्या चर्चमध्ये जाणार आहे. नळ्या एकेक करून काढल्या, जुन्या चादरींत गुंडाळल्या आणि बाकांवर ओळीनं निजवल्या. तुमची मुलगी म्हणून कमिटीनं मला बोलावलं होतं. बेळ्ळंदूरहून पोचायला दीड तास लागला. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, त्यापेक्षा चालत यायचं की.

शिवाजीनगरच्या दुकानात तुम्ही हार्मोनियम दुरुस्त करायचात आणि सणाच्या आधी चर्चचा हा अवाढव्य बाजा. त्याचे सूर लावायला दोन माणसं लागायची. एकानं बाहेर बसून पट्टी दाबून धरायची, दुसऱ्यानं आत शिरून नळी जुळवायची. दोन नळ्या बेसूर असल्या की आवाज थरथरतो, जुळल्या की थरथर थांबते. ती थांबली हे सांगायचं काम माझं, कारण वरचे बारीक सूर तुम्हाला ऐकू येईनासे झाले होते. "चर्चमध्ये हे कुणाला बोलायचं नाही," एवढंच तुम्ही म्हणाला होतात. मी कधी बोलले नाही. बाप माझ्या कानांनी काम करतो याची मला केवढी ऐट होती तेव्हा.

ईस्टरच्या आदल्या दिवशीचा तो शनिवार. मी ऑर्गनसमोर बसलेय, एक बोट पट्टीवर, मांडीवर सोमवारच्या नोकरीच्या मुलाखतीचे कागद. आतून तुमचा आवाज येतो, "आलं काय ग?" कागदातून मान वर न काढता मी म्हणते, "अजून स्वल्प." पेन्सिलीएवढ्या नळीचं टोक तुम्ही केसभर कापता. "आता?" "अजून स्वल्प." आणि मग कंटाळा आला की, "सरी," म्हणजे बरोबर, जुळलं. अख्खी वरची ओळ मी अशी उरकली. कापलेली नळी परत लांब होत नाही, हे तुम्हीच मला सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी भर प्रार्थनेत ऑर्गन किंचाळला. आपण दाराशी उभे होतो. तुम्हाला ते ऐकू आलं नाही. लोकांनी माना वळवल्या तेव्हा कळलं. घरी आल्यावर हत्यारांची पिशवी फळीवर ठेवलीत आणि म्हणालात, "तू बरोबरच सांगत होतीस. माझाच हात चुकला असेल." चर्चनं पुन्हा बोलावलं नाही. मला नोकरी लागली, तुम्ही गल्लीत पेढे वाटलेत. तुम्ही एकदा तरी रागावला असतात तर मी खरं बोलले असते, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगतेय. नसते बोलले.

मागच्या महिन्यात ऑर्गन उतरवताना चेन्नईहून आलेल्या कारागिरानं त्या वरच्या ओळीतलीच एक नळी उजेडात धरली. "ही ओळ कुणी नासवली?" त्याच्या बोलण्यात राग नव्हता, नवल होतं. "भात्याचं चामडं बघा किती निगुतीनं चिकटवलंय. असा माणूस इतकं वाईट कापेल कसा?" नव्या चर्चमध्ये ऑर्गन सांभाळणाऱ्यांच्या नावांची पाटी लागणार आहे. तुमचं नाव तिच्यावर ठेवायचं की नाही, ते तिथंच, माझ्यासमोर ठरत होतं. मग कमिटीच्या बाईंनी हळूच विचारलं, "त्यांना शेवटी शेवटी कमी ऐकू यायचं का?"

मी हो म्हणाले.

सगळ्यांचे चेहरे निवळले. "ऐकू येत नसताना येत राहिले बिचारे," असं म्हणून बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. पाटीवर तुमचं नाव राहणार आहे, दयेनं. त्या नळ्या वितळवायला गेल्या, नव्या येतील. आता कुणाला काही सांगून एकही सूर जुळायचा नाही, असं मी म्हणते, आणि हे पत्र कमिटीला दाखवायला हवं हेही मला कळतं. दाखवणार नाही. अण्णा, त्या बाईंनी तुम्हाला बिचारे म्हटलं ना, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं.