माझ्यावाचून घर चालवून पाहिलं

४ मार्च

मिळाली! जागा मिळाली! पीएचडी — फी माफ, चार वर्षं विद्यावेतन. विषय कृत्रिम बुद्धिमत्तेतलं नियोजन. यंत्राला नुसतं सांगायचं : आत्ता काय आहे, शेवटी काय हवंय आणि कोण काय काय करू शकतं. मधला क्रम त्यानं शोधायचा. इतकी वर्षं इस्पितळातल्या आपोआप चालणाऱ्या औषधगाड्या मी संगणकावरून अशाच फिरवतेय, आता त्यातलं खोल शिकायला कुणीतरी मलाच पैसे देणार!

विद्यापीठ मात्र दूर. रोज जाऊन येण्यासारखं नाहीच, तिथंच राहावं लागेल. वीस तारखेपर्यंत हो की नाही ते कळवायचं.

ऑफिसच्या जिन्यात एकटीच नाचले. मग तिथंच पायरीवर बसून रडले. का, ते कळलं नाही.

५ मार्च

नवऱ्याला सांगितलं. तो दातांच्या कवळ्या बनवतो — तेव्हाही हातात कुणाचा तरी वरचा जबडा होता. "जा की मग!" म्हणाला. एवढंच. भांडायची सगळी तयारी करून गेले होते, ती वाया गेली. याला माझा अभिमान वाटतो की मी नकोशी झालेय? चेहऱ्यावरून काही पत्ता लागत नाही.

सासूबाई "वा, छान!" म्हणाल्या आणि कपडे वाळत घालायला गॅलरीत गेल्या.

९ मार्च

डोक्याचा पार भुगा. जावं म्हटलं की भिंगरी डोळ्यांपुढे येते — सात वर्षांची पोर, अजून बुटांची नाडी बांधता येत नाही. राहावं म्हटलं की जीव गुदमरतो. पीएचडीच्या मार्गदर्शक बाईंना फोन केला. म्हणाल्या, "तुम्ही तर नियोजनातल्या. मांडून बघा की!" थट्टाच असणार. मी मात्र मनावर घेतलं.

१२ मार्च

मांडलं. शाळा, डबा, धुणं, गृहपाठ, भिंगरीचं पोहणं, आजारपण. माणसं तीन — नवरा, सासूबाई, भिंगरी. मला वगळलं. यंत्राला दिलं.

उत्तर : मार्ग नाही!

खरं सांगायचं तर बरं वाटलं. अंगावर मूठभर मांस चढलं. माझ्यावाचून हे घर चालतच नाही — मी नाही, यंत्र म्हणतंय! आता डोळे पुसत पुसत नाही म्हणायला मोकळी.

१३ मार्च

नवऱ्यानं पडद्यावर पाहिलं आणि हसतच सुटला. "डबा फक्त तूच करतेस असं लिहिलंयस? अगं, गेलं वर्षभर आई करते!" पोहायला नेतं कोण? आई. गृहपाठ? आई. भिंगरीला ताप आला तेव्हा घरी कोण थांबलं? आईच. मी फणकारले, "मग मी काय करते?" तो विचारात पडला. इतका वेळ पडायला नको होता.

चुका दुरुस्त केल्या. सासूबाईंच्या नावापुढे सगळं लिहिलं. यंत्रानं चुटकीसरशी मार्ग काढला — आणि वर मी घरात असतानाच्या मार्गापेक्षा तो छोटा! मी असले की प्रत्येक गोष्ट आधी मला विचारावी लागते म्हणे. तेवढे टप्पे गळाले.

हसावं की रडावं? दोन्ही करून झालं.

१४ मार्च

सासूबाई ओट्याशी होत्या. "जरा बोलायचं होतं तुझ्याशी." म्हटलं, "आई, वीस तारीख होऊ द्या ना, माझं डोकं ठिकाणावर नाहीये." "बरं," म्हणाल्या.

१६ मार्च

भिंगरीनं विचारलं, "तू गेलीस की तुझी उशी मला?" हो म्हटलं तर घरभर उड्या! मी खट्टू. झोपताना मात्र माझं बोट सोडेना, आणि मी आणखीनच खट्टू. या पोरीनं काय ते एक ठरवावं. नाहीतर मी तरी.

१७ मार्च

सकाळी जायचं. दुपारी नाही. संध्याकाळी पुन्हा जायचं. आज चुकून एक औषधगाडी लिफ्टमध्येच ठेवून दिली — खाली-वर, खाली-वर. परिचारिका माझ्या नावानं शंख करत होत्या.

१९ मार्च

"हो" लिहिलं, खोडलं. परत लिहिलं. नवरा शेवटी वैतागला. "घराचं सोड गं. तुला जायचंय का, एवढंच सांग."

जायचंय. इतकं साधं होतं! मला जायचंय, जायचंय, जायचंय. घराचा मार्ग तर काढून ठेवलाच आहे. डोळे मिटून पाठवून दिलं. कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

२० मार्च

सासूबाईंना म्हटलं, बोला आता. तर त्या पुढच्या महिन्यात मैत्रिणीकडे चालल्यात, कायमच्या. ती किती वर्षं मागे लागली होती म्हणे. "चौदा तारखेला तेच विचारणार होते — राहू की जाऊ? तुला वेळ नव्हता. परवा तिला हो कळवलं." मी कशीबशी म्हणाले, "पण आई, भिंगरी..." त्यांनी माझ्या गालाला हात लावला. "तुम्ही एकदा विचारलं असतंत ना, तर राहिले असते गं."